जिन्याखालची जागा

नीरजाला बोरदऱ्याच्या पटाच्या मैदानाचं काम मिळालं, तेव्हा तिच्या वडिलांनी, नीळकंठरावांनी, पहिला प्रश्न विचारला तो असा की तिथे बायकांना जाऊ देतात का. नीळकंठराव बुलढाण्याच्या कचेरीत तीस वर्षं कारकून होते आणि आयुष्यात एकदाही शंकरपट बघायला गेले नव्हते. बैलजोड्यांच्या शर्यती, धुरळा, आरडाओरडा हे आपल्या घरचं नाही असं ते म्हणायचे. नीरजाने सांगितलं की बायकांना मनाई नाही, पण त्या येत नाहीत, कारण तिथे त्यांची काहीच सोय नाही. ती सोय करायचं काम आपल्याकडे आलंय.

ती चौतीस वर्षांची होती. सल्लागार कंपनीत सात वर्षं नोकरी झाली होती आणि या सात वर्षांत तिने गटारं, शाळांच्या भिंती आणि स्मशानशेड एवढंच केलं होतं. तेही साहेबांच्या हाताखाली. बोरदऱ्याचं काम पहिल्यांदा पूर्णपणे तिच्यावर सोपवलं गेलं. नकाशा तिचा, देखरेख तिची, सहीसुद्धा तिची.

बोरदरा धाड गावाच्या पलीकडे सहा किलोमीटरवर. गावाबाहेर माळावर सरळ धावपट्टी, आणि तिच्या शेवटाला, जिथे जोड्या झेंडी ओलांडतात तिथे, गॅलरी. गाव तिला गॅलरीच म्हणायचं. अकरा लांबच लांब दगडी पायऱ्या, वर पत्रे, मधोमध चढायला जिना. पन्नासएक वर्षांपूर्वी बांधलेली. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत तिच्याकडे कुणी बघितलं नाही. पत्रे उडाले, सांध्यांत पिंपळ उगवले. बंदी उठल्यावर पट पुन्हा सुरू झाला, चाळीस-चाळीस कोसांवरून जोड्या यायला लागल्या आणि माणसं त्या मोडक्या गॅलरीत जीव मुठीत धरून बसायला लागली. मग निधी आला. पत्रे, कठडे, तिकीटखिडकी, प्रथमोपचाराची खोली, पिण्याचं पाणी, बायका-पुरुषांची वेगळी स्वच्छतागृहं. सप्टेंबरात काम सुरू करायचं आणि फेब्रुवारीतल्या पटाच्या दिवशीच उद्घाटन.

पहिल्या दिवशी ती टेप घेऊन जिन्याची मापं काढत होती, तेव्हा जिन्याखालच्या पोकळीत तिला एक म्हातारी दिसली. माणूस वाकून शिरेल एवढीच ती जागा. आत वाळूत अर्धे पुरलेले दोन रांजण, त्यांवर लाकडी झाकणं, लांब दांड्याचं ओगराळं, आणि शेणाने सारवलेली स्वच्छ जमीन. पट असायचा फेब्रुवारीत, पण म्हातारी दर आठवड्याला येऊन जागा झाडून जायची. तिचं नाव भिमाबाई. नवरा गुलाबराव वारल्याला बारा वर्षं झाली होती, मुलगा देवानंद बुलढाण्याला एसटीत कंडक्टर होता. पटाच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजणं हे तिचं काम. त्याचे ती कुणाकडून काही घ्यायची नाही.

नीरजाने स्वच्छतागृहांची जागा कागदावर गॅलरीच्या डाव्या अंगाला धरली होती. भिमाबाईने विचारलं, काय करून राह्यली. नीरजाने सांगितलं. म्हातारीने तिला हाताला धरून डावीकडे नेलं आणि जमीन दाखवली. पावसाळ्यात माळावरचं सगळं पाणी इथे उतरतं, गुडघाभर तुंबतं, टाकी इथे खणली तर पहिल्याच पावसात भरून वर येईल. शिवाय इथून दरवाजा सगळ्या पुरुषांच्या तोंडासमोर येतो. कोणती बाई जाईल?

"मंग कुठे करू, मावशी?" नीरजाने विचारलं.

भिमाबाई तिला उजवीकडे, गॅलरीच्या पाठीमागे घेऊन गेली. तिथे जरा चढ होता, निंबाची दोन झाडं होती आणि पायवाट गावाकडून थेट येत होती. बायका येतील तर या वाटेने येतील, ती म्हणाली. त्यांना गर्दीतून यावं लागणार नाही.

नीरजाने नकाशा बदलला. पुढे तीन महिने ती हरेक गोष्ट तिला विचारत गेली. बायकांसाठी पायऱ्यांचा कोणता भाग ठेवायचा, कडेवर लेकरू घेऊन चढणारीला कठडा किती उंच लागतो, ऊन दुपारी कुठून येतं. ठेकेदार गोपाल हसायचा. म्हणायचा, मॅडम, इंजिनिअर कोण आहे नक्की? नीरजालाही हसू यायचं. दुपारी ती डबा जिन्याखालीच खायची. भिमाबाई तिला मिरचीचा ठेचा द्यायची आणि लग्न का केलं नाहीस म्हणून विचारायची. नीरजाने ज्या गोष्टी आईला सांगितल्या नव्हत्या, त्या तिला सांगितल्या.

डिसेंबरात जिन्याचं काम धरलं. जुने दगड काढून खालून आधार द्यायचा होता, म्हणून जागा रिकामी करणं भाग होतं. नीरजाने भिमाबाईला सांगितलं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, काम झालं की इथेच फरशी टाकून, नळ घेऊन पक्की जागा करून देते. त्या दिवशी देवानंद आला होता. तो शांत माणूस, पण त्याने विचारलं की हे कागदावर मिळेल का. नीरजाला ते जरा लागलं. ती काही बोलायच्या आत भिमाबाईच म्हणाली, "कागद कायले पाह्यजे? पोरीनं शबद देल्ला ना."

देवानंदने एका ओळखीच्या माणसाची बैलगाडी आणली आणि दोन्ही रांजण घरी नेले. नीरजाने नकाशावर जिन्याखालच्या चौकोनात पेन्सिलने लिहिलं, पाणी, भिमाबाई.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पट समितीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष कारभारीआप्पा. सत्तरी ओलांडलेला, उंच, एका पायाने लंगडणारा माणूस. तरुणपणी ते नावाजलेले धुरकरी होते, म्हणजे पटात जोडी हाकणारे. कामाच्या सुरुवातीलाच त्यांनी नीरजाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बाकी काहीही बदला, पण जिन्याखालची जागा त्या बाईची आहे, ती तिचीच राहू द्या. त्यामुळे नीरजा त्या बाबतीत निर्धास्त होती.

बैठकीत एका सभासदाने बातमी आणली. मूळ बोरदऱ्याचा, आता बाहेरगावी व्यापार करणारा एक गृहस्थ आपल्या आईच्या नावाने थंड पाण्याचं मोठं यंत्र देणार होता. शुद्ध पाणी, सहा तोट्या, स्टीलची टाकी. अट एकच. ते दर्शनी भागात हवं, माणूस आत शिरला की पहिलं दिसेल असं, आणि वर आईच्या नावाची पाटी. सभासदाने नकाशावर बोट ठेवलं. नळाची लाइन आणि वीज इथेच येते, हीच जागा बरी, पोकळीच्या तोंडाशी यंत्र बसेल. बोटाखाली जिन्याखालचा चौकोन होता.

कुणीतरी म्हणालं, तिथे भिमाबाई असते. दुसरा म्हणाला, तिला मागं पार्किंगपाशी देऊ जागा, छान शेड टाकून देऊ, आणि यंत्र आल्यावर रांजणाचं पाणी तसंही कोण पिणार आहे. आवाजात कुठे वाईटपणा नव्हता. एखादी खुर्ची हलवायची असावी तसं ते बोलत होते.

नीरजाने आप्पांकडे पाहिलं. आप्पा नकाशाकडे बघत होते. तिला वाटलं, आता ते बोलतील. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला आणि नकाशाकडेच बघत राहिले. तिच्या जिभेवर शब्द आले होते, मी त्यांना शब्द दिलाय. पण उद्घाटनाला पाच आठवडे उरले होते, साहेबांचा रोज फोन येत होता, समितीशी वाद झाला तर काम अडेल हे तिला माहीत होतं. आणि ज्यांच्या गावचा प्रश्न ते अध्यक्षच गप्प असतील तर आपण बाहेरच्या, आपण कशाला तोंड उघडायचं? एवढा विचार करून तिने बदललेल्या नकाशावर सही केली. पेन्सिलीची अक्षरं खोडायची राहिली होती. ती तिने तिथेच, सगळ्यांसमोर, खोडरबराने पुसली.

आता हे भिमाबाईला सांगायला हवं होतं. तिचं घर मैदानापासून चालत दहा मिनिटांवर. नीरजा रोज ठरवायची, आज जाऊ. रोज काहीतरी निघायचं. कधी पत्र्यांची गाडी, कधी टाइल्स कमी पडल्या, कधी प्लंबर आला नाही. खरं तर दहा मिनिटं कुठल्याही दिवशी निघाली असती. आठ दिवस गेल्यावर तिने गोपालला सांगितलं, तुम्ही त्या बाजूला जाताच आहात, तर त्यांना एवढं सांगून या. पार्किंगपाशी शेड देतोय म्हणावं, चांगली देतोय.

गोपाल अर्ध्या तासात परत आला. नीरजाने विचारलं, काय म्हणाल्या. तो म्हणाला, काही नाही मॅडम, बरं म्हणाल्या.

नीरजाला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं. ही गोष्ट तिने पुढे फार दिवस कुणाला सांगितली नाही.

उद्घाटन छान झालं. गॅलरी नव्या पत्र्यांखाली उठून दिसत होती, कठड्यांना निळा रंग होता, तिकिटाची रांग पहिल्यांदाच सरळ लागली. आणि बायका आल्या. गावाकडच्या पायवाटेने, निंबाखालून, लेकरं कडेवर घेऊन, पन्नास, मग शंभर, दुपारपर्यंत अडीचशेच्या वर. त्यांचा भाग भरून गेला. एक सासूबाई नीरजाचा हात धरून म्हणाल्या की लग्न होऊन या गावात आल्याला तीस वर्षं झाली, पट आज पाहिला. पाण्याचं यंत्र उत्तम चालत होतं. लोक थंड पाणी पिऊन खूश होते. नीळकंठरावसुद्धा आले होते. तिसऱ्या पायरीवर बसून त्यांनी चार जोड्या पळताना पाहिल्या आणि पाचव्या वेळी चक्क उभे राहिले. साहेबांनी व्यासपीठावरून नीरजाचं नाव घेतलं.

पार्किंगपाशी शेड तयार होती. ती दिवसभर रिकामी राहिली.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर नीरजा गॅलरीचा फेरा मारत होती. आप्पा सर्वांत खालच्या पायरीवर एकटे बसले होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं. मग त्यांनी जे सांगितलं ते नीरजाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

या गॅलरीचे दगड भिमाबाईच्या नवऱ्याने फोडले होते. गुलाबराव आणि त्याच्या वस्तीतली आठ-दहा माणसं वर्षभर खाणीवर राबली. गॅलरी उभी राहिली आणि पहिल्या पटाला ही माणसं बसायला आली, तेव्हा त्यांना वर चढू दिलं नाही. भांडण झालं नाही. गुलाबराव एवढंच म्हणाला की वर नाही तर खाली बसतो. दुसऱ्या वर्षी त्याने जिन्याखाली रांजण मांडले. नवी नवरी भिमाबाई तिथे ओगराळं घेऊन उभी राहायची. गावातलं कुणी ते पाणी प्यायचं नाही. फक्त त्यांची माणसं प्यायची. तरी दर वर्षी रांजण भरलेले असायचे.

त्या काळात आप्पा बावीस वर्षांचे होते. एका पटात त्यांची जोडी झेंडीपाशी उधळली, ते खाली आले आणि चाक पायावरून गेलं. गॅलरीच्या अगदी समोर. लोक धावले ते बैल धरायला. पहिली पोचली ती भिमाबाई. तिने पेला त्यांच्या तोंडाशी धरला.

"जीव जाऊन राह्यला होता पाण्याबिगर," आप्पा म्हणाले. "वर पाह्यलं तं गॅलरीत माहा बाप उभा. सारं गाव उभं. म्या तोंड मिटून घेतलं, बाई. तिच्या हातातलं पाणी माह्या गालावरून खाली गेलं. ती तशीच उभी राह्यली पेला धरून."

नंतर दिवस बदलले. एक जण प्याला, मग दहा प्याले, मग कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही की कधी कुणी पीत नव्हतं. आप्पाही प्यायला लागले. दर पटाला ते पहिलं पाणी तिच्याकडचं प्यायचे. पण त्या दिवसाबद्दल ते तिच्याशी कधी बोलले नाहीत. अध्यक्ष झाल्यावर, काम निघाल्यावर त्यांनी मनाशी धरलं होतं की तिची जागा पक्की करून द्यायची, आणि तेव्हा एकदा बोलायचं.

नीरजाने विचारलं, मग बैठकीत का गप्प राहिलात?

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "म्या तुह्याकडे पाहून राह्यलो होतो. म्हटलं, हे शिकली-सवरली पोरगी, हिनं शबद देल्ला हाये, हे बोलंन. मंग मी तिच्या मागं बोलीन. मी पयले बोललो असतो तं लोक म्हनले असते, आप्पाले आता काऊन पुळका आला." त्यांनी लंगडा पाय हाताने धरून सरळ केला. "पन्नास वर्सं झाली, पोरी. तरी माहं तोंड मिटलेलंच हाये."

आपणही त्यांच्याकडेच बघत होतो, हे नीरजाने त्यांना सांगितलं. गोपालची माणसं खुर्च्या गोळा करत होती.

पुढच्या रविवारी नीरजा भिमाबाईच्या घरी गेली. अंगणात दोन्ही रांजण उपडे घातलेले होते. म्हातारी ओट्यावर तूर पाखडत होती. तिने नीरजाला बसायला पाट दिला, रविवारी घरी आलेल्या सुनेला, महामायेला, चहा टाकायला सांगितला, वडिलांची चौकशी केली. राग कुठे दिसत नव्हता. दिसला असता तर बरं झालं असतं असं नीरजाला वाटलं.

तिने सगळं सांगितलं. बैठक, सही, आप्पा. चूक झाली म्हणाली. आप्पा आणि ती मिळून समितीत ठराव आणणार आहेत, यंत्र चार हात बाजूला सरकवता येतं, नळाची लाइन वाढवता येते, जिन्याखालची जागा परत तुमची होईल आणि तिथे गुलाबरावांच्या नावाची पाटी लागेल.

भिमाबाईने सूप खाली ठेवलं.

"पाटीचं मले काही नाही," ती म्हणाली. "अन् जागेचंही नाही बाई. जागा काय, आज हाये, उद्या नाही. आमच्याइले जागेवरून उठाची सवय हाये. पन तू सोता आली असती ना, अन् म्हटलं असतं, मावशी, माह्यानं नाही झालं, तं म्या तुलेच पानी पाजलं असतं. तू त्या ठेकेदाराले पाठोलं."

नीरजाला रडू आलं. भिमाबाईने तिला रडू दिलं. समजूत घातली नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली की परवा आप्पा येऊन गेले. याच ओट्यावर बसले, पाणी मागितलं, प्याले. मग त्या जुन्या दिवसाचं बोलले. ती म्हणाली, त्यांना वाटत होतं मी ते विसरले असेन.

"मंग तुम्ही काय म्हणालात?" नीरजाने विचारलं.

"काय म्हनतो? म्हतारा मानूस. म्हटलं, बरं केलं आले." तिने सूप परत उचललं. "पन त्याइच्या मनाले हलकं वाटलं तसं मले नाही वाटलं. खोटं काऊन सांगू."

तुम्ही परत याल का, असं नीरजाने निघताना विचारलं. भिमाबाईने मान हलवली. तिने हे काम हट्टाने केलं होतं, नवऱ्याच्या हट्टापायी. तो हट्ट आता तिच्यात उरला नव्हता. देवानंद कधीपासून बुलढाण्याला चल म्हणत होता, आता जाईन म्हणाली.

ठराव झाला. आप्पांनी स्वतः उभं राहून मांडला, आणि मांडताना आपण जोडीवरून पडलो त्या दिवसाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. सभेत दोन-तीन माणसं उठून गेली, बाकीची बसली. यंत्र सरकवलं गेलं. जिन्याखाली फरशी बसली, नळ आला, गुलाबरावांच्या नावाची पाटी लागली. पाटीच्या कार्यक्रमाला देवानंद एकटा आला. फोटोसाठी उभा राहिला आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून निघून गेला. पुढच्या पटाला तिथे गावातल्या शाळेतल्या मुली पाणी द्यायला बसल्या. त्या एका तासात कंटाळल्या. लोक यंत्राकडेच जात होते. त्यानंतर तिथे सतरंज्या ठेवायला लागले.

नीरजाचं नाव झालं. बोरदऱ्याच्या गॅलरीचा फोटो कंपनीच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आला. निंबाकडच्या बायकांच्या दरवाजाची, त्या वाटेची, कठड्याच्या उंचीची माणसं तारीफ करायची आणि विचारायची, हे सुचलं कसं. पहिल्यांदा तिने सांगितलं की तिथल्या एका आजींनी सुचवलं. लोक कौतुकाने हसले आणि ते तिच्या विनयात जमा झालं. मग तिने सांगायचं सोडलं.

बुलढाण्यात देवानंदचं क्वार्टर तिच्या घरापासून फार लांब नव्हतं. ती दोनदा गेली. पहिल्या वेळी भिमाबाई झोपली होती. दुसऱ्या वेळी जागी होती, नीट बोलली, ठेच्याचा डबाही दिला. पण लग्नाचं विचारलं नाही. पूर्वी विचारायची तसं काहीच विचारलं नाही. तिसऱ्यांदा जायचं नीरजाला धाडस झालं नाही आणि त्या पावसाळ्यात म्हातारी गेल्याचं तिला चार दिवस उशिरा कळलं.

पुढच्या वर्षी पिंपळगाव राजाच्या बाजारातल्या ओट्यांचं काम तिच्याकडे आलं. रांगेच्या टोकाला कौशल्याबाई नावाची एक बांगड्यावाली बसायची. रस्ता रुंद करायचा म्हणून तिची जागा जाणार होती. गोपाल म्हणाला, मी सांगून येतो मॅडम, तुम्ही कशाला. नीरजा म्हणाली, नको.

ती भर बाजारात कौशल्याबाईसमोर जाऊन उभी राहिली आणि तुमची जागा जातेय, मी वाचवू शकले नाही, असं सांगितलं. बाई उठून उभी राहिली आणि तिने नीरजाला, तिच्या कंपनीला आणि तिच्या शिक्षणाला अर्धा तास शिव्या दिल्या. लोक जमले. नीरजा छत्री मिटून उन्हात उभी राहिली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.